सप्लायवर ५.००, बोर्डावर ४.४८: बेंच पॉवर सप्लायला रिमोट सेन्सिंग कसं जोडायचं

बेंच पॉवर सप्लायच्या, म्हणजे टेबलावर ठेवून हवं ते व्होल्टेज देणाऱ्या डब्याच्या, डिस्प्लेवर ५.०० व्होल्ट, आणि दोन मीटर लांबच्या रॅकवर बोर्डाच्या टर्मिनलला मीटर लावला की ४.४८. दोन्ही आकडे बरोबर असतात. मधला अर्धा व्होल्ट वायरीने खाल्लेला असतो.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. द्राक्षबागेतल्या ठिबकाचे व्हॉल्व्ह मोबाइलवरून उघडझाप करणारे कंट्रोलर आम्ही जोडतो, रात्रभर रॅकवर चालवून बघतो आणि मग निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे पाठवतो. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर ऑर्डरी तुंबतात, रॅक भरलेला असतो आणि नेमका तेव्हाच कुठला तरी बोर्ड रात्री आपोआप रीसेट होतो. सकाळी पोरं सांगतात, "मॅडम, बोर्ड खराब आहे." निम्म्या वेळा बोर्डाला काहीच झालेलं नसतं. त्याला पोटभर व्होल्टेज मिळालेलं नसतं, इतकंच. अशा वेळी सप्लायच्या मागच्या बाजूचे ते दोन दुर्लक्षित स्क्रू, सेन्स प्लस आणि सेन्स मायनस, कामाला येतात. त्यांच्यामुळे सप्लाय बोर्डापाशचं व्होल्टेज बघून आपलं आउटपुट सांभाळतो; यालाच रिमोट सेन्सिंग म्हणतात. ते स्क्रू कसे वापरायचे ते इथे सांगते. नीट न वापरल्यास काय जळतं तेही सांगते, कारण सप्लायसोबतच्या पुस्तिकेत ही बाजू एका ओळीत उरकलेली असते.

आधी ड्रॉप मोजा

वायरीत वाया जाणारं व्होल्टेज म्हणजे ड्रॉप. तांब्याच्या मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या) वायरीचा रेझिस्टन्स २० अंशांना मीटरमागे ढोबळमानाने असा: पाऊण स्क्वेअरला (म्हणजे स्क्वेअर मिलिमीटर, वायरीच्या जाडीचं माप) २६ मिलीओहम, एक स्क्वेअरला १९.५, दीडला १३.३ आणि अडीच स्क्वेअरला ८. आमचा रॅक दोन मीटरवर आहे, म्हणजे जायची दोन आणि यायची दोन अशी चार मीटर वायर. पाऊण स्क्वेअर असेल तर १०४ मिलीओहम. रॅक ५ अँपिअर ओढतो, म्हणजे ०.५२ व्होल्ट वायरीतच गेले. पाच व्होल्टच्या बोर्डाला पाच टक्के कमी, म्हणजे ४.७५ पर्यंत चालतं. इथे आपण ४.४८ ला. दीड स्क्वेअरला हाच ड्रॉप ०.२७ आणि अडीचला ०.१६.

हे आकडे २० अंशांचे आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात वायर सहज ४५ अंशांपर्यंत जाते. तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे ०.५२ चे ०.५७ होतात. "सप्लाय ५.५ वर ठेवला की झालं" हा हिशेब म्हणूनच टिकत नाही. सकाळी बरोबर असतो, दुपारी कमी पडतो. आणि रॅकवरचे चार बोर्ड काढून एकच ठेवला, की त्या एकट्याच्या डोक्यावर जवळजवळ पूर्ण साडेपाच व्होल्ट बसतात.

ड्रॉप मोजायला मल्टीमीटर डीसी मिलीव्होल्टवर ठेवा. आमच्याकडे इथल्याच, सातपूरच्या रिषभ कंपनीचा मीटर आहे. तुमच्याकडे असेल तो चालेल. लोड चालू हवा, तोही पूर्ण. लाल प्रोब सप्लायच्या प्लस पोस्टच्या (आउटपुट टर्मिनलच्या) धातूवर आणि काळी प्रोब बोर्डाच्या प्लस पिनवर धरा. जो आकडा येईल तो प्लस वायरीचा ड्रॉप. मग लाल प्रोब बोर्डाच्या मायनसवर आणि काळी सप्लायच्या मायनसवर. प्रोब पुरत नसेल तर कसलीही बारीक वायर जोडून लांबवा. मीटर जवळपास करंट घेतच नाही, त्यामुळे त्या वायरीने वाचन बिघडत नाही.

दोन्ही आकडे साधारण सारखे यायला हवेत. एक दुसऱ्याच्या दुप्पट आला तर दोष सांध्यात आहे. तो शोधायला प्रोब जवळ जवळ आणा: आधी पोस्ट आणि लगच्या (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) मध्ये, मग लग आणि उघड्या तांब्याच्या मध्ये, मग क्रोकोडाइल क्लिपच्या दातापासून पिनपर्यंत. स्वस्तातल्या क्लिपला वायर नुसती दाबून बसवलेली असते, सोल्डर नसते. वर्षभरात ती सैल होते आणि ५ अँपिअरला त्या एका जागी शंभर-दीडशे मिलीव्होल्ट पडलेले दिसतात. बोट लावलं की क्लिप कोमट लागते. अशी क्लिप फेकून द्या. सेन्सिंग लावून तिच्यावर पांघरूण घालू नका, कारण तिथली उष्णता तशीच राहते आणि वाढत जाते.

ड्रॉप किरकोळ असेल तर हे सगळं सोडून द्या. १२ व्होल्टला अर्धा अँपिअर, त्याच पाऊण स्क्वेअरच्या वायरीवर, म्हणजे ५२ मिलीव्होल्ट. अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यासाठी दोन वायरी वाढवून बिघडायच्या दोन जागा कोण वाढवेल?

सप्लाय बघतो कुठे

एरवी सप्लाय स्वतःच्या आउटपुट टर्मिनलवरचं व्होल्टेज बघतो आणि ते सेट केलेल्या आकड्याइतकं राखतो. पुढे वायरीत काय होतं ते त्याला कळत नाही. रिमोट सेन्सिंगमध्ये आपण त्याची बघण्याची जागा बोर्डापाशी नेतो. जाड दोन वायरींतून करंट जातो. बारीक दोन वायरी फक्त व्होल्टेज बघतात. बोर्डावर ५.०० ठेवायला सप्लाय आपल्या टर्मिनलवर स्वतःहून ५.५२ करतो. करंट वाढला की वाढवतो, कमी झाला की उतरवतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सेन्स वायरीवर व्होल्टेज कमी दिसलं की सप्लायला आउटपुट वाढवणं एवढंच माहीत आहे. वायर तुटल्याने कमी दिसलं की खरंच कमी आहे, हा फरक त्याला करता येत नाही. पुढची सगळी काळजी या एका वाक्यातून येते.

सप्लायची मागची बाजू

पहिल्यांदा तिथे सेन्सचे टर्मिनल आहेत का ते बघा. काही सप्लायना पुढेच चार पोस्ट असतात, काहींना मागे हिरवा कनेक्टर. बऱ्याचशा दोन-तीन चॅनेलवाल्या स्वस्त सप्लायना सेन्स नसतोच, किंवा एकाच चॅनेलला असतो. जिथे आहे तिथे सेन्स प्लस आउटपुट प्लसला आणि सेन्स मायनस आउटपुट मायनसला छोट्या पत्रीच्या लिंकने जोडलेले असतात. रिमोट सेन्सिंगसाठी या दोन्ही लिंक काढायच्या. नव्या मॉडेलना लिंकऐवजी मेनूत किंवा बटणावर लोकल आणि रिमोट, नाहीतर टू-वायर आणि फोर-वायर असा पर्याय असतो. लिंक आणि मेनू दोन्ही असतील तर दोन्ही बदलावे लागतात. लिंक तशाच ठेवून लांब सेन्स वायरी जोडल्या, तर रॅकचा काही करंट त्या बारीक वायरींतून आणि लिंकमधून वाहू लागतो.

पुस्तिकेत दोन आकडे शोधा. पहिला, एका वायरीत जास्तीत जास्त किती ड्रॉप भरून काढता येतो. बहुतेकांना तो अर्धा ते एक व्होल्ट असतो. त्यापुढे सप्लाय हमी देत नाही. दुसरा, सप्लायची एकूण कमाल. ३० व्होल्टचा सप्लाय ३० ला लावला तर वरचा अर्धा व्होल्ट आणायचा कुठून? तेवढी जागा शिल्लक ठेवा.

वायरी

पॉवर वायर परवडेल तेवढी जाड आणि होईल तेवढी आखूड घ्या. सेन्सिंग म्हणजे रामकुंडातली डुबकी नव्हे, की बारीक वायरीची सगळी पापं धुतली जातील. आमच्या रॅकला मी अडीच स्क्वेअर वापरते. कारण पुढे ओव्हर-व्होल्टेजच्या सेटिंगपाशी कळेल. दोन्ही टोकांना क्रिम्प केलेले लग. नुसती वायर पोस्टच्या भोकात घालून पिळायची पद्धत इथे नको.

सेन्स वायरीतून जेमतेम काही मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी करंट जातो, म्हणून ती बारीक चालते. माझी आवडती सेन्स वायर म्हणजे जुन्या लॅनच्या पॅच कॉर्डमधली एक जोडी. आयती पिळलेली असते, मल्टिस्ट्रँड असल्याने हलवून तुटत नाही, आणि ऑफिसात एक तरी मोडक्या क्लिपची कॉर्ड पडलेली असतेच. भिंतीतल्या लॅन केबलची जोडी घेऊ नका. तिच्यात एकच सॉलिड तार असते, दहा-वीसदा वाकली की आतून तुटते आणि बाहेरून दिसत नाही. सेन्ससाठी याहून वाईट गुण नाही.

पॉवरच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळा. सेन्सच्या दोन एकमेकींभोवती. चारही मिळून एकच वेणी घालायची नाही. पॉवर वायरीतला करंट उड्या मारतो तेव्हा शेजारच्या सेन्समध्ये ते उचललं जातं आणि सप्लाय नसलेली चूक दुरुस्त करत बसतो. शेजारी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) किंवा वेल्डिंग चालत असेल तर सेन्सला शील्डेड जोडी घ्या. शील्ड एकाच टोकाला, सप्लायच्या बाजूला जोडा. शील्डचाच मायनस सेन्स करण्याची काटकसर कोणी सुचवली तर ऐकू नका.

रंग ठरवून घ्या. आमच्याकडे पॉवर लाल-काळी आणि सेन्स नारिंगी-पांढरी. लाल-काळ्या दोन जोड्या ठेवल्या की कधी ना कधी कोणी तरी अदलाबदल करतंच.

सेन्स नेमका कुठे लावायचा

जिथे व्होल्टेज बरोबर हवं तिथे, आणि पॉवरच्या शेवटच्या सांध्यापलीकडे. पॉवरच्या क्रोकोडाइल क्लिपच्या पाठीवर सेन्सची क्लिप लावली, तर पॉवर क्लिपच्या दातांवरचा ड्रॉप हिशेबात येत नाही. अर्धी मेहनत वाया. एकाच बोर्डावर काम असेल तर इनपुट कनेक्टरच्या खालच्या बाजूला, सोल्डरच्या थेंबावर दोन छोट्या वायरी सोल्डर करा. वारंवार बोर्ड बदलायचे असतील तर केल्विन क्लिप घ्या. तिचे दोन जबडे एकमेकांपासून इन्सुलेटेड असतात, एकातून करंट आणि दुसऱ्यातून सेन्स. दिसायला साध्या क्लिपसारखीच असते, त्यामुळे घेताना दोन जबड्यांमध्ये कंटिन्युइटी (करंटला सलग वाट) नाही ना ते दुकानातच बीपने तपासा.

रॅकवर अनेक बोर्ड असतील तर सप्लाय एकाच जागेवर लक्ष ठेवू शकतो. आम्ही रॅकच्या मधोमध तांब्याच्या दोन पट्ट्या टाकल्या आहेत, सगळे बोर्ड तिथून निघतात आणि सेन्स पट्टीच्या मधल्या स्क्रूवर आहे. पट्टीपासून बोर्डापर्यंत वीत-दीड वीत वायर उरते. तिथला ड्रॉप राहतो, पण एका बोर्डाचाच करंट असल्याने तो थोडा आहे. एखाद्या बोर्डापाशी सेन्स नेण्याचा मोह टाळा. तो बोर्ड काढताना सेन्सही निघतो, आणि बाकीच्यांचं काय होईल याची कल्पना वर दिलीच आहे.

सेन्सच्या मार्गात फ्यूज, स्विच, रिले काही नको. पॉवरच्या मार्गात रिले असेल तर सेन्स रिलेच्या अलीकडे लावा. रिलेपलीकडे लावला आणि रिलेने वाट तोडली, की सप्लायला शून्य दिसतं आणि तो वर चढतो. रिले वाट परत जोडतो तेव्हा तो चढलेला व्होल्टेज बोर्डावर आदळतो.

जोडणीचा क्रम

आउटपुट बंद. नुसतं शून्यावर फिरवून भागत नाही, बंदच. मग पॉवरच्या वायरी, लग पान्याने घट्ट. त्यानंतर लिंक काढणं किंवा मेनू बदलणं. मग सेन्स, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. काढताना उलट: आउटपुट बंद, आधी सेन्स, मग पॉवर. पॉवरचा मायनस सैल आणि सेन्स मात्र घट्ट असेल, तर रॅकचा परतीचा करंट त्या पॅच कॉर्डच्या तारेतून सप्लायच्या सेन्स टर्मिनलमध्ये शिरतो. आतला छोटा रेझिस्टर किंवा संरक्षणाचा भाग तिथे जळतो, आणि दुरुस्ती महाग पडते.

आउटपुट चालू करण्याआधी चारही वायरी कंटिन्युइटीवर बघा. सेन्स उलटा लागला तर सप्लायला उणे पाच व्होल्ट दिसतात आणि तो जीव तोडून वर जातो.

करंट लिमिट गरजेपेक्षा थोडं वर ठेवा. आमचं ६ अँपिअर. ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्शन, म्हणजे ओव्हीपी, मात्र विचार करून लावा. बऱ्याच सप्लायमध्ये ओव्हीपी आउटपुट टर्मिनलवर बघतं, सेन्सवर नाही. बोर्डावर ५.०० असताना पाऊण स्क्वेअरच्या वायरीने टर्मिनलवर ५.५२ असतात, उन्हाळ्यात ५.५७. ओव्हीपी ५.५ ला ठेवलं तर विनाकारण ट्रिप होईल (आउटपुट तोडेल), म्हणून ६ ला ठेवावं लागतं. पण काही बिघाड झाला आणि त्या वेळी लोड थोडाच असला, तर तेच ६ व्होल्ट बोर्डावर जाऊ शकतात. बोर्डाला ते सोसतात का? अडीच स्क्वेअरला टर्मिनलवर फक्त ५.१६ असतात, ओव्हीपी ५.४ ला बसतं. सेन्सिंग असूनही जाड वायर वापरायची ती यासाठी.

तुमचं ओव्हीपी कुठे बघतं ते पुस्तिकेत सापडलं नाही तर डमी लोडवर (बोर्डाऐवजी लावलेल्या, तेवढाच करंट ओढणाऱ्या वस्तूवर) काढता येतं. पूर्ण करंट चालू ठेवून ओव्हीपीचा आकडा हळूहळू खाली आणा. टर्मिनलवरच्या व्होल्टेजपाशी ट्रिप झालं तर ते टर्मिनलवर बघतं. सेट आकड्यापर्यंत उतरलं तर सेन्सवर.

बोर्डाआधी बल्ब

नवी जोडणी थेट ग्राहकाच्या बोर्डावर तपासू नका. ऑटो-इलेक्ट्रिकवाल्याकडून गाडीचा १२ व्होल्ट ६०/५५ वॉटचा हेडलाइट बल्ब आणा. पाच व्होल्टला तो साधारण ३ अँपिअर ओढतो आणि नारिंगी, मंद पेटतो. रॅकच्या पट्टीवर बल्ब जोडा, मीटर पट्टीवर लावा. आउटपुट चालू केलं की पट्टीवर ५.०० आणि सप्लायच्या पोस्टवर त्याहून थोडं जास्त दिसलं पाहिजे. डिस्प्लेवर बहुतेक ५.०० च राहील, कारण डिस्प्लेही आता सेन्सचाच आकडा दाखवतो. म्हणून पोस्टवर मीटर लावल्याशिवाय खात्री होत नाही. पोस्टवर ५.०० आणि पट्टीवर कमी असेल तर सप्लाय अजून लोकलवरच आहे.

आता खरी परीक्षा. या एका परीक्षेपुरता करंट लिमिट ५ अँपिअर आणि ओव्हीपी १२ व्होल्टवर ठेवा. बल्बला तेवढं सोसतं. मग सेन्स प्लसची वायर पट्टीवरून काढा. पोरांना मी हे हातानेच करायला लावते. आयटीआयमधून आलेल्या पोराला दहा वेळा सांगून जे पटत नाही, ते बल्ब दाखवतो. एखाद्या सप्लायवर बल्ब जवळजवळ तसाच राहतो, मीटर पट्टीवर काही मिलीव्होल्टच हलतो. त्या सप्लायमध्ये सेन्स आणि आउटपुट यांच्यामध्ये आतूनच रेझिस्टर आहे. वायर निघाली की तो गुमान आपल्या टर्मिनलकडे बघू लागतो. दुसऱ्या एखाद्यावर मात्र बल्ब नारिंगीचा पिवळा, पिवळ्याचा पांढराफेक होतो आणि ओव्हीपीचा दिवा लागतो. बल्बच्या जागी पाच व्होल्टचे बोर्ड असते तर?

दुसऱ्या जातीचा सप्लाय असेल तर पुस्तिका परवानगी देते का ते बघा आणि सप्लायच्या टर्मिनलवरच सेन्स प्लस ते आउटपुट प्लस, तसंच सेन्स मायनस ते आउटपुट मायनस, असे १०० ओहमचे दोन रेझिस्टर लावा. यामुळे अचूकता जाते का? पाऊण स्क्वेअरच्या वायरीत ०.२६ व्होल्ट ड्रॉप धरला, तर रेझिस्टरमधून २.६ मिलिअँपिअर जातात. दोन मीटर पॅच कॉर्डच्या तारेचा रेझिस्टन्स ०.१७ ओहमच्या आसपास. एका वायरीमागे फरक अर्धा मिलीव्होल्टसुद्धा नाही. सेन्सच्या दोन्ही वायरी निसटल्या तर रॅकवर ५.०० ऐवजी पुन्हा जुनेच ४.४८ येतात, चढत मात्र नाहीत.

पण पॉवरचीच वायर निसटली तर हे रेझिस्टर वाचवत नाहीत. सप्लाय वर वर चढतो, आणि ३० व्होल्टच्या सप्लायवर सगळा भार त्या १०० ओहमवर आला तर ९ वॉट होतात. पाव वॉटचा रेझिस्टर धूर सोडून मोकळा. तिथे ओव्हीपीच हवं. परीक्षा झाली की ते १२ वरून खाली आणायला विसरू नका.

सप्लाय नाचायला लागला तर

सेन्स लांब गेला म्हणजे सप्लायच्या आतलं नियंत्रणही लांब गेलं. मधल्या वायरीचं इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) मीटरमागे एक मायक्रोहेन्रीच्या घरात, पलीकडे बोर्डावरचे कपॅसिटर, आणि सप्लायला दुरुस्तीचा परिणाम दिसतो उशिरा. तो जास्तच दुरुस्त करतो, मग उलटं दुरुस्त करतो. डिस्प्लेचा शेवटचा अंक स्थिर राहत नाही, कॉन्स्टंट करंटचा (करंट लिमिट लागल्याचा) दिवा मधूनच लुकलुकतो, कधी बारीक शिट्टी ऐकू येते. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे त्यावर सगळं ठीकच वाटतं. एकदा तरी ऑसिलोस्कोप (स्कोप) पट्टीवर लावून एसी कपलिंगवर, म्हणजे फक्त हेलकावे दाखवणाऱ्या सेटिंगवर, बघा.

उपाय सोपे आहेत, पण क्रमाने करा. दोन्ही जोड्यांचे पीळ घट्ट करा. वायर वेटोळं करून ठेवली असेल तर ते सोडवा आणि जास्तीची कापून टाका. पट्टीवर शंभर ते हजार मायक्रोफॅरॅडचा साधा इलेक्ट्रोलिटिक लावून बघा. इथे साधाच बरा, कारण त्याच्या आतल्या थोड्या रेझिस्टन्सने हेलकावे दबतात. फार उत्तम प्रतीचा लो-ईएसआर (आतला रेझिस्टन्स अगदी कमी असलेला) कपॅसिटर कधी कधी उलट बिघडवतो. तरीही थांबलं नाही तर सप्लायच्या टोकाला सेन्स आणि आउटपुटच्या मध्ये, दोन्ही बाजूंना, एकेक कपॅसिटर लावतात. म्हणजे जलद हालचाल सप्लाय जवळून बघतो आणि सावकाश बदल रॅकवरून. त्याची किंमत सप्लायच्या पुस्तिकेतूनच घ्या. प्रत्येक मॉडेलची वेगळी असते.

मोडेमचा झटका सेन्सिंगने भरत नाही

आमच्या कंट्रोलरमध्ये टू-जी मोडेम आहे. मेसेज पाठवताना तो २ अँपिअरपर्यंत झटके मारतो: प्रत्येक झटका ०.५८ मिलीसेकंदाचा, दर ४.६ मिलीसेकंदांनी. जुना मोबाइल रेडिओशेजारी ठेवला की फोन यायच्या आधी जी टर्रटर्र ऐकू यायची, ती हीच. एवढ्याशा वेळात दोन मीटर लांबून बघून, निर्णय घेऊन करंट पाठवणं सप्लायला नीट जमत नाही. सेन्सिंग सरासरी व्होल्टेज सांभाळतं. झटका बोर्डाशेजारच्या कपॅसिटरनेच भरायचा. एकटा १००० मायक्रोफॅरॅड तो पूर्ण झटका देऊ लागला तर १.१५ व्होल्टच्या आसपास खाली येईल, म्हणून जाड वायरही लागतेच. दोघं मिळून काम करतात. सेन्सिंग लावूनही बोर्ड फक्त मेसेज पाठवताना रीसेट होत असेल, तर सप्लायला दोष न देता कपॅसिटर आणि ग्राउंडची वाट तपासा.

ग्राउंडवरून आणखी एक. सप्लायचा मायनस मागे अर्थला लिंक केलेला असतो, आणि बोर्डाचा मायनस लॅपटॉपच्या यूएसबीतून किंवा स्कोपच्या ग्राउंड क्लिपमधून पुन्हा अर्थला जातो. मग मायनसचा काही करंट अर्थच्या वायरीतून फिरतो, सेन्सचा हिशेब चुकतो आणि स्कोपवर खोटा गोंधळ दिसतो. अर्थ एकाच जागी ठेवा. रिमोट सेन्सिंगमध्ये ती जागा लोडची, म्हणून सप्लायची मायनस-अर्थ लिंक काढा. सप्लायच्या बॉडीचं अर्थिंग मात्र तसंच राहिलं पाहिजे.

बॅटरी चार्ज करत असाल तर सेन्स लावून सप्लाय बंद करून निघून जाऊ नका. बॅटरी सेन्सच्या वाटेने उलटी सप्लायमध्ये शिरते.

सेन्सचे टर्मिनलच नसतील तर

सप्लाय उघडून आतल्या फीडबॅकला वायर जोडायच्या फंदात पडू नका. सप्लाय रॅकच्या जवळ सरकवा, वायर जाड करा; दोन मीटरचा अर्धा मीटर केला की ड्रॉप पावच राहतो. नाहीतर बोर्डापर्यंत १२ व्होल्ट न्या आणि तिथेच डीसी-डीसी मॉड्यूलने ५ करा. करंट निम्म्याहून कमी होतो आणि वायरीतला ड्रॉप कोणाला जाणवत नाही.

कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) बेंचवर वापरत असाल तर त्यात सेन्स आधीच असतो, फक्त तो ओळखू येत नाही. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये १३ नंबरच्या खोबणीत जाड नारिंगी वायरीशेजारी एक बारीक, बहुतेक तपकिरी, वायर घुसलेली दिसते. ती ३.३ व्होल्टचा सेन्स आहे. कनेक्टर कापताना ती अनाथ ठेवू नका, ३.३ च्या नारिंगी वायरींनाच जोडा. नाहीतर बरेच एसएमपीएस एकतर सुरूच होत नाहीत किंवा ३.३ चं व्होल्टेज बिघडतं.

काम संपलं की लोकल लिंक लगेच परत लावा, स्क्रू घट्ट करा आणि मेनूही लोकलवर आणा. लिंक काढल्या असतील तोवर आमच्याकडे सप्लायच्या पुढच्या बाजूला पिवळी टेप असते, तिच्यावर "सेन्स बाहेर" असं मार्करने लिहिलेलं. दुसऱ्या पाळीतला माणूस सप्लाय उचलून दुसऱ्या टेबलावर नेतो आणि दोनच वायरी जोडून चालू करतो. त्याने ती टेप वाचलेली असावी.